रोदरहॅम ते राजपूत: एकाच नौकेचा अर्धाअर्धा इतिहास लिहिणाऱ्यांना खुले पत्र

युद्धनौकांवर मराठीत लेख लिहिणाऱ्या, ते छापणाऱ्या आणि प्रदर्शनांत प्रतिकृतींखाली पाट्या लावणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर आला की नौदल दिनाच्या निमित्ताने 'राजपूत' ही भारतीय विनाशिका (डिस्ट्रॉयर) आणि १९७१ च्या युद्धात विशाखापट्टणमजवळ बुडालेली 'गाझी' ही पाकिस्तानी पाणबुडी यांच्यावरचे लेख पुन्हा निघतात. लेख १९७१ चा असतो आणि सोबतचं छायाचित्र मात्र १९८० नंतरचं. त्या छायाचित्रात क्षेपणास्त्रं दिसतात, मागे हेलिकॉप्टरचा डेक दिसतो, धुराड्यांच्या दोन जोड्या दिसतात आणि बाजूवर 'डी ५१' हा आकडा असतो. ती सोव्हिएत बनावटीची राजपूत आहे. ४ मे १९८० रोजी ती नौदलात दाखल झाली आणि २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणमला निवृत्त झाली. गाझी बुडाली तेव्हा ही नौका अस्तित्वातच नव्हती.

१९७१ ची राजपूत वेगळी. तिला एकच धुराडं. पुढे दोन आणि मागे दोन अशा ४.७ इंची एकनळी तोफा, मध्ये पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) चार-चार नळ्यांचे दोन संच. बाजूवर 'डी १४१'. लांबी १०९ मीटर, म्हणजे नव्या राजपूतपेक्षा जवळजवळ ४० मीटरने कमी. छायाचित्र हातात आलं की आधी धुराडी मोजा, मग तोफा मोजा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण चुकीचं चित्र हा वरवरचा दोष झाला. आमची खरी तक्रार आपण सगळे इतिहास नावागणिक लिहितो, ही आहे. नौकेचा इतिहास सांगाड्यागणिक लिहायचा असतो. नाव, निशाण, क्रमांक, देश हे सगळं बदलू शकतं, पण कील, म्हणजे तळाचा कणा, एकदाच बसते. ही पद्धत सोडली की काय होतं ते पाहायला राजपूतइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

या नौकेची कील १० एप्रिल १९४१ रोजी स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी, क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत बसली. जलावतरण २१ मार्च १९४२ ला झालं आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ती 'एचएमएस रोदरहॅम' म्हणून ब्रिटिश नौदलात दाखल झाली. क्रमांक एच ०९. नाव यॉर्कशरमधल्या पोलादाच्या गावावरून. (तिथले लोक उच्चार 'रॉदरम'च्या जवळचा करतात. मराठीत 'रोदरहॅम' रुळलंय, तेच ठेवा, पण एका लेखात एकच रूप ठेवा. तीन रूपं वापरलीत तर शोधणाऱ्याला तीन वेगळ्या नौका वाटतात.) १९४९ मध्ये ती भारताने घेतली आणि १९७६ मध्ये ती मोडीत निघाली. हिशेब करा: ब्रिटनकडे सात वर्षं, भारताकडे सत्तावीस. इंग्रजी नोंदी बहुधा '१९४९ मध्ये भारताला विकली' या एका ओळीवर संपतात आणि आपले लेख त्याच ओळीपासून सुरू होतात. दोन्हीकडचे वाचक अर्धीच नौका पाहतात.

रोदरहॅम ही आर वर्गाची लीडर. लीडर म्हणजे फ्लोटिलाचा, म्हणजे विनाशिकांच्या तुकडीचा, प्रमुख, ज्याला ब्रिटिश 'कॅप्टन (डी)' म्हणत, तो आणि त्याचा कर्मचारीवर्ग जिच्यावर राहतो ती विनाशिका. त्यामुळे माणसं जास्त आणि राहण्याची दाटी जास्त. वर्गात आठ नौका होत्या: रोदरहॅम, रेसहॉर्स, रेडर, रॅपिड, रिडाउट, रिलेंटलेस, रॉकेट, रोबक. हा वर्ग आधीच्या क्यू वर्गाचीच आवृत्ती आहे. फरक छोटा पण शहाणपणाचा: पूर्वी अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या टोकाला असत. उत्तर अटलांटिकमध्ये लाटा डेकवरून वाहायला लागल्या की मागून ब्रिजपर्यंत, म्हणजे नौका जिथून चालवतात तिथवर, जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि पाळीवरचा माणूस सुटू शकत नसे. आर वर्गात त्या खोल्या मध्यभागाकडे, ब्रिजच्या जवळ आणल्या. नुसतं 'क्यू वर्गासारखीच' लिहिलं की नेमकं हेच निसटतं.

युद्धानंतर या आठ बहिणींच्या वाटा फुटल्या. रेसहॉर्स लवकरच भंगारात गेली. रॅपिड, रिलेंटलेस, रॉकेट आणि रोबक या चौघींचं वरचं बांधकाम आणि शस्त्रं काढून त्यांना टाइप १५ प्रकारच्या पाणबुडीविरोधी फ्रिगेट बनवलं गेलं, इतकं की ओळखूही येऊ नयेत. उरलेल्या तीन, रोदरहॅम, रिडाउट आणि रेडर, भारताकडे आल्या आणि अनुक्रमे राजपूत, रणजित आणि राणा झाल्या. म्हणजे आर वर्गाच्या विनाशिका या रूपात ज्या टिकल्या त्या भारतातच टिकल्या. हे वाक्य आजवर किती मराठी लेखांत आलंय, तुम्हीच सांगा. आणखी एक फसगत: 'आर वर्ग' हे नाव पहिल्या महायुद्धातल्या विनाशिकांनाही होतं आणि रिडाउट नावाची नौका त्यातही होती. म्हणून वर्गाच्या नावापुढे वर्ष लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता क्रमांकांबद्दल. ब्रिटिश नौदलाने १९४८ च्या सुमारास क्रमांकांची घडी नव्याने बसवली. विनाशिकांना 'डी' आणि फ्रिगेटना 'एफ' ही अक्षरं आली. जुन्या आकड्याआधी एक अंक जोडून नवा आकडा करायची रीत तेव्हा बरीच दिसते. रेडरचा जुना क्रमांक एच १५, राणाचा भारतीय क्रमांक डी ११५. झकास जुळतं. हाच नियम लावून कुणी म्हणालं, की डी १४१ च्या पोटात एच ४१ असणार, तर ते पोचतील रिडाउटपाशी, कारण एच ४१ होती रिडाउट. आणि लिहून मोकळे होतील, की राजपूत म्हणजे रिडाउट. चूक. राजपूत म्हणजे रोदरहॅम, एच ०९. क्रमांक ही खूण आहे, जन्मदाखला नाही. तो छायाचित्र ओळखायला वापरा, वंशावळ लावायला नको.

तिसरी गल्लत उपसर्गाची, आणि ही जवळजवळ सगळीकडे आहे. '१९४९ मध्ये आयएनएस राजपूत दाखल झाली' असं लिहिलं जातं. १९४९ मध्ये 'आयएनएस' नव्हतंच. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही २६ जानेवारी १९५० पर्यंत आपलं नौदल रॉयल इंडियन नेव्ही होतं आणि नौकांच्या नावाआधी 'एचएमआयएस' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) लागे. म्हणजे या एका सांगाड्याला तीन नावं झाली: एचएमएस रोदरहॅम, मग काही महिने एचएमआयएस राजपूत, मग आयएनएस राजपूत. ते काही महिने क्षुल्लक वाटतील, पण त्या काळातली कागदपत्रं शोधायची तर 'आयएनएस' टाकून एकही सापडत नाही.

युद्धातल्या कामगिरीकडे येऊ. इथे हात आखडता घ्या. रोदरहॅमचं महायुद्ध मुख्यतः हिंदी महासागरातलं, ब्रिटिशांच्या तिथल्या ताफ्याच्या, ईस्टर्न फ्लीटच्या, ११व्या फ्लोटिलाची लीडर म्हणून. १९४४ मध्ये सुमात्राच्या टोकावरच्या साबांग बंदरावर हल्ले झाले. २५ जुलैच्या हल्ल्यात इलस्ट्रियस आणि व्हिक्टोरियस या विमानवाहू नौकांबरोबर आर वर्गाच्या बऱ्याच विनाशिका होत्या, रोदरहॅमही होती. पण बंदराच्या आत घुसून मारा करणाऱ्या नौका होत्या क्वालिटी, क्विकमॅच, क्विलियम आणि डच क्रूझर ट्रॉम्प. 'साबांगच्या हल्ल्यात सहभागी' आणि 'साबांग बंदरात घुसली' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि लेख रंगवताना दुसरं वाक्य लेखणीतून फार सहज उतरतं.

असंच बहिणींच्या पराक्रमांचं. जर्मन पाणबुड्यांना तेल पुरवणारी शार्लोट श्लीमान ही टँकर फेब्रुवारी १९४४ मध्ये गाठली रिलेंटलेसने. तिची जोडीदार ब्राके मार्चमध्ये गाठली रोबकने. पोर्ट ब्लेअरसमोर १९ मार्च १९४५ ला किनाऱ्यावरच्या जपानी तोफांचा मार खाल्ला तो रॅपिडने. आणि मे १९४५ मध्ये मलाक्का सामुद्रधुनीत जपानी क्रूझर हागुरो बुडवली ती सॉमारेझ आणि तिच्या व्ही अक्षराच्या चार जोडीदारणींनी, म्हणजे २६व्या फ्लोटिलाने. यातलं काहीही रोदरहॅमच्या खात्यात टाकायचं नाही. ती त्याच ताफ्यात, त्याच समुद्रात होती, एवढ्यावर श्रेय मिळत नाही.

तिचं स्वतःचं जे आहे ते मात्र ठसठशीत आहे. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरच्या सेंबावांग इथल्या नौदल तळाचा ताबा घ्यायला रोदरहॅम गेली आणि जपान्यांकडून तो तळ तिच्या कॅप्टनने ताब्यात घेतला. तळाच्या एका फाटकाला पुढे 'रोदरहॅम गेट' असंच नाव पडलं. इथेही तीन प्रसंग एकत्र कालवू नका. ४ सप्टेंबरला ससेक्स या क्रूझरवर झालेली सही वेगळी, १२ सप्टेंबरला माउंटबॅटन यांच्यासमोर शहरात झालेली औपचारिक शरणागती वेगळी आणि नौदल तळाचा ताबा वेगळा. पुढे दहा वर्षांनी आपल्या तिरंग्याखाली बंगालच्या उपसागरात फिरणारी नौका ती हीच, हे एका वाक्यात सांगता येतं, आणि वाचक तिथे थबकतो.

युद्धसन्मानांबद्दल एक ओळ. ब्रिटिश परंपरेत युद्धसन्मान नावाला चिकटतात. पुढे त्याच नावाची नौका झाली तर ते तिला मिळतात. विकलेल्या सांगाड्याबरोबर ते जात नाहीत. त्यामुळे राजपूतच्या पाटीवर रोदरहॅमचे सन्मान मांडायचे नाहीत. 'रोदरहॅम म्हणून' असा वेगळा मथळा करून मांडता येतील.

आकड्यांत होणाऱ्या चुका कंटाळवाण्या असतात, पण सगळ्यांत जास्त त्याच नक्कल होतात. रोदरहॅमचं विस्थापन, म्हणजे नौकेचं वजन, कुठे १,७०५ टन दिसेल, कुठे २,४२५. दोन्ही बरोबर. पहिलं 'स्टँडर्ड', म्हणजे इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी वगळून. दुसरं पूर्ण भरलेल्या अवस्थेतलं. कुठलं ते लिहिलं नाही तर आकडा निरुपयोगी. शिवाय हे ब्रिटिश लाँग टन आहेत, एक टन म्हणजे १,०१६ किलो. मेट्रिकमध्ये ते साधारण १,७३२ आणि २,४६४ होतात. वेग ३६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर. 'ताशी ३६ नॉट' लिहू नका, नॉटमध्ये तास आधीच आहे. पल्ला २० नॉटच्या चालीने ४,६७५ सागरी मैल. 'मैल' एवढंच लिहिलं तर वाचक १,६०९ मीटरचा मैल धरतो. सागरी मैल १,८५२ मीटरचा, म्हणजे फरक थेट हजार-अकराशे किलोमीटरचा पडतो.

आणि '३६ नॉट' हा आकडा १९४२ चा आहे. १९७१ च्या वर्णनात तो घालणं म्हणजे आजोबांच्या कॉलेजातल्या धावण्याच्या वेळा आज छापणं. या नौकेत अ‍ॅडमिरल्टी थ्री-ड्रम प्रकारचे दोन बॉयलर आणि पार्सन्स टर्बाइन, मिळून ४०,००० अश्वशक्ती. अशा यंत्रणेचा कमकुवत दुवा कंडेन्सर. वाफ पुन्हा पाणी करायला त्याच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी फिरतं. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याने नळ्या आतून खाल्ल्या जातात, बारीक भोक पडतं आणि क्षार बॉयलरच्या शुद्ध पाण्यात उतरतात. मग बॉयलरच्या नळ्यांत खपली बसते, तिथे पत्रा तापतो आणि फुटतो. म्हणून पाण्याचा क्षार सतत तपासावा लागतो. गळती दिसली की तो भाग बंद करून गळक्या नळीच्या दोन्ही तोंडांना बूच मारायचं. बुचं वाढत गेली की थंड करण्याची क्षमता घटते आणि तिच्याबरोबर ताकद. एक बॉयलर बंद पडला तर मात्र नौका अर्ध्या वेगावर येत नाही. लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अर्ध्या ताकदीतही जवळपास ८० टक्के वेग मिळतो. नव्या नौकेच्या हिशेबाने २८-२९ नॉट. तळाला शिंपले-शेवाळ चढलं की त्यातूनही घट. एवढं कळलं की तीस वर्षांच्या विनाशिकेकडून कामं कोणत्या हिशेबाने घेतली गेली ते समजायला लागतं.

गोव्याच्या मुक्तीबद्दल थोडक्यात, कारण तिथे राजपूतचं काम थोडक्यातच आहे. डिसेंबर १९६१ मध्ये ती विक्रांत या विमानवाहू नौकेभोवतीच्या गटात होती, दिल्ली, कुठार, किरपाण आणि खुकरी यांच्यासोबत. मुरगावच्या तोंडाशी अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज नौकेशी लढल्या त्या बेतवा, बियास आणि कावेरी. जाता जाता: कुठार, किरपाण आणि खुकरी या फ्रिगेट, विनाशिका नव्हेत, आणि दिल्ली ही क्रूझर. मराठीत 'युद्धनौका' हा शब्द होडीपासून विमानवाहूपर्यंत सगळ्यांना चालतो, म्हणून प्रकार सांगायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

आता १९७१. इथे सावकाश जाऊ.

गाझी हीदेखील दोन नावांची. मूळची अमेरिकन 'डायाब्लो', टेंच वर्गातली पाणबुडी, १९४४ मध्ये पाण्यात उतरलेली आणि १९६४ पासून पाकिस्तानकडे. क्लाइडबँकची विनाशिका आणि अमेरिकेच्या पोर्ट्समथची पाणबुडी, दोन्ही एकाच महायुद्धासाठी बांधलेल्या आणि दोस्तांच्याच बाजूच्या. विशाखापट्टणमच्या बाहेर त्या समोरासमोर आल्या. १४ नोव्हेंबरला कराचीहून निघालेल्या गाझीचं लक्ष्य विक्रांत होती. विक्रांत अंदमानकडे लपवलेली होती आणि पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांनी राजपूतला विक्रांतचं सोंग दिलं. राजपूतवरून मोठ्या नौकेला शोभेल इतकी बिनतारी संदेशांची वर्दळ ठेवायची, आणि जोडीला विक्रांतवरच्या नाविकाच्या नावाने आईच्या आजारपणाची चौकशी करणारी उघडी तार. या सोंगामुळे राजपूतचं श्रेय पक्कं आहे. त्यासाठी तिनेच डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायची स्फोटक पिंपं) टाकून गाझी बुडवली, या दाव्याची गरजच नाही.

३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली राजपूत बंदराबाहेर पडली. बंदराबाहेरची वाट दाखवणारा पायलट उतरल्यावर पुढे पाण्यात मोठी खळबळ दिसली. नौका तिकडे वळली आणि दोन डेप्थ चार्ज टाकले गेले. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात झालेल्या प्रचंड स्फोटाने किनाऱ्यावरच्या खिडक्यांची तावदानं हादरली. सकाळी कोळ्यांना तरंगते अवशेष मिळाले, पाणबुड्ये उतरले, गाझी सापडली. तिच्यावरचे ९३ जण गेले होते. ९ डिसेंबरला भारताने ती बुडाल्याचं जाहीर केलं.

दोन डेप्थ चार्ज म्हणजे नेमकं काय ते वाचकाला दाखवा. त्या पिढीचा ब्रिटिश मार्क ७ डेप्थ चार्ज म्हणजे १९० किलोचं पिंप, त्यात सुमारे १३० किलो स्फोटक. मधोमध पाण्याच्या दाबावर चालणारं पिस्तूल. टाकण्याआधी किल्लीने खोली लावायची, म्हणजे पिस्तुलात पाणी शिरण्याचं भोक लहान किंवा मोठं करायचं. भोक मोठं असलं की पिस्तूल लवकर भरतं आणि स्फोट उथळ पाण्यात होतो. पिंप सेकंदाला साधारण ३ मीटरने बुडतं. ५० फुटांवर लावलं तर पाच सेकंदांत फुटतं. १२ नॉटने जाणारी नौका तेवढ्यात जेमतेम ३१ मीटर पुढे जाते, म्हणजे स्वतःचाच मागचा पत्रा आणि सुकाणू धोक्यात. १५० फुटांवर लावलं तर पंधरा सेकंद आणि ९० मीटरच्या वर अंतर मिळतं. म्हणून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात टाकण्याआधी वेग वाढवावाच लागतो. एका पिंपाने पाणबुडीचा दाबसह सांगाडा फाडायचा तर ते सुमारे ६ मीटरच्या आत फुटायला हवं. त्यामुळेच महायुद्धात पाच, दहा, चौदा पिंपांचे संच काही मागच्या रुळांवरून सोडत तर काही बाजूच्या थ्रोअरने फेकत, म्हणजे पाणबुडीभोवती कुंपण पडे. दोन पिंपं म्हणजे समोर दिसल्याबरोबर केलेला वार. तो लागूच शकत नाही असं नाही. पण तो नक्की लागला असं म्हणायला फक्त दोन पिंपं पुरत नाहीत.

स्फोटाच्या कारणांबद्दल मतं अनेक आहेत: राजपूतचे डेप्थ चार्ज, गाझीने स्वतः पेरलेला सुरुंग, तिच्या पुढच्या भागातल्या सुरुंगांचा किंवा पाणतीरांचा आतला स्फोट, बॅटरीतला हायड्रोजन. पुढच्या भागाच्या नुकसानीवरून स्फोट आतून झाला असावा असं म्हणणारे अधिकारी भारतीय नौदलातलेही आहेत. पाकिस्तानची भूमिका अपघाताची आहे. इंदर सिंग यांना वीरचक्र मिळालं, ही नोंद यातल्या कुठल्याच मताने खोडली जात नाही.

अशा वेळी मराठीने आपली सोयच करून ठेवलीय. 'गाझी बुडवली' आणि 'गाझी बुडाली'. एका 'व'चा खेळ आहे. पहिल्यात बुडवणारा लागतो, दुसऱ्यात नाही. आमची विनंती: मथळ्यात 'बुडाली' ठेवा आणि मजकुरात राजपूतने काय काय केलं ते ओळीने सांगा. ते पुरेसं थरारक आहे. 'राजपूतने गाझीला जलसमाधी दिली' हे वाक्य वाचताना भारदस्त वाटतं, पण ते निकाल देतं.

तारखेचंही बघा. कुठे ३ डिसेंबर दिसतं, कुठे ४, आणि मग वाचक पत्रं पाठवतात की छपाईची चूक आहे. चूक नाही. भारतीय वेळेने ४ तारखेचे सव्वाबारा म्हणजे तेव्हाच्या पश्चिम पाकिस्तानात ३ तारखेचे पावणेबारा, आणि ग्रिनिचला ३ तारखेची संध्याकाळ, पावणेसात. '३-४ डिसेंबरची रात्र, भारतीय वेळ' असं लिहिलं की वाद मिटतो. शिवाय ४ डिसेंबरचा नौदल दिन कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचा आहे, गाझीचा नव्हे. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की हटकून सरमिसळ होते.

मूळ कागद पाहायचे असतील त्यांच्यासाठी. ब्रिटिश काळातले कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. नौकांच्या रोजनिशी 'एडीएम ५३' या मालिकेत, युद्धकाळातले अहवाल 'एडीएम १९९' मध्ये. पण दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका आणि त्याहून लहान नौकांच्या बऱ्याच रोजनिशी जपल्याच गेल्या नाहीत. तेव्हा 'एडीएम ५३' मध्ये रोदरहॅम मिळाली नाही म्हणून थांबू नका. तिच्यासोबत निघालेल्या मोठ्या नौकेची, क्रूझरची किंवा विमानवाहू नौकेची रोजनिशी काढा. सोबतच्या विनाशिका कधी आल्या, कधी तेल घ्यायला गेल्या हे तिथे पाळीगणिक मिळतं. वेळ वाचताना समासातलं कालविभागाचं अक्षर आधी पाहा, नाहीतर कोलंबोची सकाळ ग्रिनिचच्या मध्यरात्रीत जाऊन पडते.

प्रतिकृतीखालच्या पाटीसाठी हा मजकूर जसाच्या तसा घ्या, आमची हरकत नाही:

'विनाशिका राजपूत (डी १४१). पूर्वीची एचएमएस रोदरहॅम (एच ०९), आर वर्ग, १९४२. बांधणी: जॉन ब्राउन, क्लाइडबँक. जलावतरण: २१ मार्च १९४२. १९४९ मध्ये भारताकडे, २६ जानेवारी १९५० पासून आयएनएस. १९६१ च्या गोवा मोहिमेत विक्रांतच्या गटात. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमहून विक्रांतच्या वेशात. १९७६ मध्ये मोडीत. विस्थापन: १,७०५ लाँग टन (स्टँडर्ड).'

शेवटची विनंती कोकणातल्या वाचकांना आणि तिथे प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळांना. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पिढ्यान् पिढ्या माणसं नौदलात गेली. राजपूत, राणा, रणजित यांच्यावरची छायाचित्रं कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत नक्की आहेत. ती बाहेर काढाल तेव्हा लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीने नाव आणि ठिकाण लिहा. बॉलपेनने नको, त्याचा उठाव पुढच्या बाजूला येतो. स्कॅन निदान ६०० डीपीआयवर करा, पांढऱ्या कडेसकट, कारण स्टुडिओचा शिक्का बहुधा कडेवरच असतो. आणि तारीख आठवत नसेल तर मागच्या टोकाचं निशाण भिंगाखाली धरा. दोन्ही काळांत पांढऱ्यावर मोठा क्रॉस आहे. पण कोपऱ्यातल्या चौकटीत तिरपे पट्टे दिसले तर तो युनियन जॅक, म्हणजे छायाचित्र २६ जानेवारी १९५० च्या आधीचं, एचएमआयएस राजपूतचं. आडवे तीन पट्टे दिसले तर त्यानंतरचं. पहिल्या प्रकारची फार थोडी मिळतात. मिळालं तर कृपया आम्हाला कळवा.

आपले,
जुन्या विनाशिकांच्या नोंदी जमवणारे काही मराठी वाचक